भास्कराचार्य आणि आमचे बीदर

डिसेंबर महिन्यात गणित दिवस आला म्हणजे आमच्या सीमाभागातील मराठी शाळांतून भाषणांच्या स्पर्धा होतात, आणि भालकीपासून आळंदपर्यंत कोठेही जा, एखादा तरी विद्यार्थी व्यासपीठावर उभा राहून छाती पुढे काढून सांगतो की लीलावतीकार भास्कराचार्य हे आपल्या बीदरचे. टाळ्या पडतात. आम्हीही त्या टाळ्यांत अनेक वेळा सामील झालो आहोत. या वर्षी मात्र हेच वाक्य वार्षिकासाठी आलेल्या एका लेखात लिहिलेले आमच्या हाती आले, आणि ते छापावे की न छापावे असा प्रश्न पडला. बोललेले वाक्य हवेत विरते, पण छापलेले वाक्य पुढच्या मुलांच्या वह्यांत उतरते. म्हणून आम्ही या थोर गणितज्ञाचे चरित्र जमेल तितके मुळापासून पाहावयाचे ठरविले. ते वाचकांस सादर करीत आहोत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ या वर्षी झाला. हे साल तर्काने काढलेले नाही. आपल्या ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी स्वतःच ते नोंदवून ठेवले आहे, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी आपण ग्रंथ रचला हेही सांगितले आहे. गोत्र शांडिल्य, पित्याचे नाव महेश्वर. महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्य पर्वताच्या आश्रयास असलेले, विद्वानांनी गजबजलेले विज्जडविड नावाचे नगर हे आपले ठिकाण, असेही ते सांगतात. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण सगळा गोंधळ येथूनच सुरू होतो. पण त्याकडे शेवटी वळू.

ज्या काळी हा मुलगा जन्मास आला त्या काळी दख्खनचे सार्वभौम पद कल्याणीच्या चालुक्यांकडे होते. कल्याणी म्हणजे आमच्याच जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. सहावा विक्रमादित्य तेथे राज्य करीत होता, आणि विज्ञानेश्वरांनी ‘मिताक्षरा’ हा धर्मशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथ त्याच्याच काळात, त्याच्याच राजधानीत लिहिला. खानदेशाकडील यादव हे तेव्हा चालुक्यांचे मांडलिक होते. भास्कराचार्य प्रौढ झाले तोवर चित्र पालटले. कल्याणीचे सिंहासन कलचुरी बिज्जलाच्या हाती गेले, बसवेश्वरांची चळवळ उभी राहिली, आणि पुढे देवगिरीचे यादव स्वतंत्र झाले. एवढ्या उलथापालथी चालू असता हा पुरुष ग्रहांची गणिते मांडीत बसला होता, याचे आम्हांस नेहमीच नवल वाटते. त्यांच्या ग्रंथांत लढाया नाहीत. व्यापारी आहेत, भुंगे आहेत, हंस आहेत, सापाचा माग काढणारा मोर आहे, पण राजे जवळजवळ नाहीतच.

इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा झाला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. त्यांतील लीलावती म्हणजे अंकगणित व क्षेत्रगणित. ती इतकी लोकप्रिय झाली की पुढील सात शतके हिंदुस्थानातील पाठशाळांतून गणिताचा अभ्यास बहुधा तिच्यापासूनच सुरू होई. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये तिच्यावर टीका लिहिली. भास्कराचार्यांचे पुढचे पुस्तक ‘करणकुतूहल’. त्यातील गणनेचा आरंभ शके ११०५, म्हणजे इ. स. ११८३ चा आहे. म्हणजे एकोणसत्तराव्या वर्षीही त्यांची लेखणी थांबली नव्हती. पंचांगकर्त्यांस रोजच्या उपयोगाची आकडेमोड सोपी करून देणे हा त्या पुस्तकाचा हेतू होता.

त्यांच्या गणिताचे वर्णन करू लागलो तर हे वार्षिक पुरणार नाही. म्हणून एकच विषय घेतो. तो कुट्टक होय. कुट्टक म्हणजे कुटणारा, भरड करणारा. उखळात धान्य घालून ते बारीक बारीक करावे, तशी मोठी संख्या लहान लहान करीत जाण्याची ही रीत आहे. ती आर्यभटांपासून चालत आली. भास्कराचार्यांनी तिला असे स्वच्छ रूप दिले की शाळकरी मुलासही ती करता यावी. लीलावतीतील एक उदाहरण असे आहे : २२१ ला कोणत्या संख्येने गुणावे, म्हणजे गुणाकारात ६५ मिळविल्यावर येणाऱ्या संख्येस १९५ ने निःशेष भाग जाईल?

प्रथम तिन्ही संख्यांस १३ ने भागून घ्यावे. १७, ५ आणि १५ राहतात. आता १७ ला १५ ने भागावे. भागाकार १, बाकी २. मग १५ ला २ ने भागावे. भागाकार ७, बाकी १. बाकी १ आली, येथे उतरणे थांबवावे. भागाकार १ व ७ एकाखाली एक मांडावेत, त्याखाली मिळवावयाची संख्या ५, आणि तळाशी ०. अशी ही उभी वेल तयार झाली. तिला वल्ली म्हणतात. आता खालून वर चढावयाचे. शेवटून दुसऱ्या संख्येने तिच्या वरच्या संख्येस गुणावे व शेवटची संख्या मिळवावी : ७ गुणिले ५, अधिक ०, म्हणजे ३५. शेवटची संख्या पुसून टाकावी. पुन्हा तेच : १ गुणिले ३५, अधिक ५, म्हणजे ४०. हाती ४० व ३५ उरले. ४० मधून १७ दोन वेळा काढावेत, ६ उरतात. ३५ मधून १५ दोन वेळा काढावेत, ५ उरतात. उत्तर आले : गुणक ५, भागाकार ६. पडताळा पाहा. २२१ पंचे ११०५, अधिक ६५ म्हणजे ११७०, आणि १९५ सक ११७०.

या रीतीचे मर्म काय? १७ व १५ यांचा प्रश्न सुटेना, म्हणून त्याच जातीचा पण लहान प्रश्न, १५ व २ यांचा, पुढे घेतला. तोही जड वाटला तर आणखी लहान घ्यावा. असे उतरत उतरत इतक्या लहान प्रश्नापाशी यावे की त्याचे उत्तर डोळ्यांनी दिसावे, आणि मग ज्या पायऱ्यांनी उतरलो त्याच पायऱ्यांनी प्रत्येक मजल्यावरचे उत्तर उचलीत वर यावे. जुन्या बारवेत पाणी आणावयास उतरणारी बाई रिकामी घागर घेऊन खाली जाते आणि भरली घागर घेऊन वर येते, तसाच हा प्रकार. गणकयंत्राच्या शास्त्रात आज यास पुनरावर्तन म्हणतात. उतरणे कोठे थांबवावयाचे हे ज्याला कळत नाही त्याला वर येता येत नाही, आणि वर येताना एकही पायरी चुकून चालत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. वाचकांनी क्षमा करावी, परंतु ते अगदीच अस्थानी नाही. आमच्या शाळेच्या गणित प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांनी हाच कुट्टक संगणकावर बसविला. ऑक्टेव्ह नावाची, विनामूल्य मिळणारी, आकडेमोडीसाठी वापरली जाणारी एक संगणकप्रणाली आहे. तिच्यात त्यांनी ‘कुट्टक’ नावाची फाइल लिहिली. कागदावर पडताळून पाहिलेली, निर्दोष. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी वरचेच उदाहरण यंत्रास घातले, तर उत्तर आले गुणक १० व भागाकार ११. पडताळा घेतला. २२१ दाहे २२१०, अधिक ६५ म्हणजे २२७५. १९५ ने भागले तर १३० उरतात. उत्तर चूक. मुलांनी फाइलीतील ओळ न् ओळ तपासली, एक अक्षर बदलले, पुन्हा चालविले. उत्तर तेच! फाइलीत काहीही बदला, यंत्र आपले दहा आणि अकरा सांगते. संध्याकाळ झाली, शिपाई किल्ल्या वाजवू लागला, दोघा मुलांच्या डोळ्यांत पाणी आले.

उलगडा भास्कराचार्यांनीच केला असे म्हणावयास हरकत नाही. ६५ मिळविण्याऐवजी वजा करावयाचे असतील तर काय करावे, हेही ते सांगून ठेवतात. आलेली उत्तरे १५ व १७ मधून वजा करावीत. १५ मधून ५ गेले, १० राहिले. १७ मधून ६ गेले, ११ राहिले. म्हणजे यंत्राचे उत्तर मुळीच बरळणे नव्हते. २२१ दाहे २२१०, वजा ६५ म्हणजे २१४५, आणि १९५ ने त्यास बरोबर अकरा वेळा भाग जातो. ते एका वेगळ्याच प्रश्नाचे बिनचूक उत्तर होते. मग ध्यानात आले की मागील वर्षीच्या मुलांनी वजाबाकीचा कुट्टक केला होता, आणि त्यांच्या फाइलीचे नावही ‘कुट्टक’च होते.

हे घडले कसे ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. ऑक्टेव्हला एखादे नाव सांगितले म्हणजे ते आधी आपण ज्या फोल्डरात काम करीत असू तेथे पाहते, आणि मग शोधमार्गातील फोल्डर एकामागून एक धुंडाळते. जेथे प्रथम त्या नावाची फाइल सापडेल तेथे त्याचा शोध संपतो. पुढे त्याच नावाची अधिक चांगली फाइल असली तरी तिच्याकडे ते ढुंकूनही पाहत नाही, आणि कोणास काही सांगतही नाही. मुलांनी काय केले होते, तर प्रत्येक फोल्डराचा पत्ता वेगळा देण्याचा कंटाळा येऊन ‘जेनपाथ’ व ‘ॲडपाथ’ या दोन आज्ञांनी गणिताचे अवघे फोल्डर, पोटातील फोल्डरांसह, शोधमार्गात घातले होते. फोल्डर उघडावे, आत फोल्डर दिसले तर त्यातही तसेच उतरावे, आणखी आत उतरावे, तळ लागला की वर यावे, आणि वाटेत भेटलेल्या साऱ्यांची यादी करावी. कुट्टकाचीच ही चाल! पण यादीत पोटफोल्डर रोमन अक्षरांच्या क्रमाने लागले, आणि ‘जुने’ हे ‘नवे’च्या आधी आले. शिवाय काम चालले होते तिसऱ्याच फोल्डरात उभे राहून. म्हणून जुना कुट्टक आधी भेटला, आणि नव्या कुट्टकात केलेल्या दुरुस्त्या यंत्राने कधी वाचल्याच नाहीत.

‘विच’ ही आज्ञा देऊन यंत्रास एवढेच विचारले की बाबा, तू कोणता कुट्टक चालवितोस? त्याने जुन्या फोल्डराचा पत्ता दिला. तो शोधमार्गातून काढून टाकताच ५ व ६ ही उत्तरे आली. दोन तास फाइलीतील दोष शोधण्यात गेले, आणि फाइलीत दोष नव्हताच. पुढे अशी अडचण आली तर मुलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही यादी आज्ञा दिली त्या क्षणाची असते. मागाहून नवे पोटफोल्डर केले तर ते आपोआप तीत येत नाही, यादी पुन्हा करावी लागते.

विषयांतर पुरे. भास्कराचार्यांचा आणखी एक गुण सांगावयाचा आहे. तोही या प्रसंगाशी जुळणारा आहे. मान्य झालेली चूक ते चालू देत नसत. आठव्या शतकातील ज्योतिषी लल्ल यांच्या ग्रंथावर भास्कराचार्यांनी स्वतः टीका लिहिली होती, म्हणजे त्यांच्याविषयी आदर होताच. पण चेंडूसारख्या गोलाचे पृष्ठफळ काढण्यासाठी लल्लांनी सांगितलेली रीत अशी होती की मधल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ घ्यावे व परिघाने गुणावे. चौदा बोटे व्यासाचा चेंडू घ्या. परिघ ४४, वर्तुळाचे क्षेत्रफळ १५४. लल्लांच्या रीतीने पृष्ठफळ ६७७६ चौरस बोटे येते. एवढे कापड घेतले तर चेंडूस एक नव्हे, अकरा अंगरखे होतील! भास्कराचार्यांनी ‘गोलाध्याया’त ही रीत चुकीची असल्याचे स्पष्ट दाखविले, आणि गोलाच्या पृष्ठाचे तुकडे कल्पून त्यांची बेरीज कशी करावी हे समजावून देऊन खरी रीत सिद्ध केली. परिघ गुणिले व्यास, म्हणजे ६१६. मधल्या वर्तुळाच्या बरोबर चौपट. बहुतेकांनी अशा जागी नुसते उत्तर बदलले असते. यांनी चूक कोठे शिरली ते दाखविले. परिघ व व्यास यांच्या संबंधासाठी त्यांनी बावीस सप्तमांश हे स्थूल मान दिले, आणि ३९२७ भागिले १२५०, म्हणजे ३.१४१६, हे सूक्ष्म मानही दिले. तेही त्याच वृत्तीतून.

अर्थात ते सर्वज्ञ नव्हते. शून्याने भागलेल्या संख्येविषयी त्यांनी जे नियम बांधले ते सर्वस्वी आजच्या गणितास मान्य होण्याजोगे नाहीत. उलट पक्षी चक्रवाल या त्यांच्या रीतीपुढे आजचे गणितज्ञही मान लववितात. एखाद्या वर्गसंख्येस ६१ ने गुणून १ मिळविला असता पुन्हा वर्गसंख्याच यावी, अशी संख्या शोधा, हा प्रश्न फ्रान्सच्या फर्मा यांनी १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांस आव्हान म्हणून घातला होता. तो भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त पाचशे वर्षे आधी सोडविलेला आहे. सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. रीतीचे मूळ त्यांच्याही आधीच्या जयदेव नावाच्या गणितज्ञापर्यंत जाते. ऋण मान्य करण्यात भास्कराचार्यांनी कधी संकोच केला नाही; ब्रह्मगुप्त, श्रीधर व पद्मनाभ यांच्या बीजगणितांचे सार आपण घेतले, हे त्यांनी नमूद केले आहे.

आता बीदरकडे येऊ.

बीदरचे नाव या चरित्रात येते ते एका फारसी पुस्तकातून. अकबर बादशहाच्या आज्ञेने त्याच्या दरबारातील कवी फैजी यांनी १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले. त्याच्या प्रस्तावनेत भास्कराचार्यांची जन्मभूमी दख्खनमधील बीदर असल्याचे लिहिले आहे. आपल्या मुलांच्या भाषणांतील वाक्याचा उगम येथपर्यंत पोहोचतो. उगम चांगला चारशे वर्षांहून जुना आहे, हे वाचून आमच्यांतील काहींना आनंद झाला. आम्हांसही झाला. परंतु भास्कराचार्य व फैजी यांच्यामध्ये चारशे सदतीस वर्षांचे अंतर आहे, हेही विसरून चालत नाही. लीलावती ही आचार्यांची कन्या होती, तिच्या विवाहाची वेळ मोजण्यासाठी ठेवलेल्या घटिकापात्रात मोती पडून छिद्र बुजले व मुहूर्त टळला, ही सर्वांच्या परिचयाची करुण कथाही याच प्रस्तावनेतून पसरलेली आहे. ती किती गोड असली तरी आचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत तिचा मागमूस नाही. तेव्हा त्याच पानावरची एक गोष्ट इतिहास आणि दुसरी दंतकथा, असे आपल्या सोयीने ठरविणे बरे नव्हे.

विज्जडविड म्हणजे बीदर, की विजापूर, की बीड, की आणखी काही? नामसाम्यावर जावे तर तिन्ही गावांस थोडाथोडा हक्क पोहोचतो. पण आचार्य केवळ नाव सांगून थांबले नाहीत. सह्याद्रीजवळ, असा पत्ताही त्यांनी दिला आहे. आमचे बीदर जांभ्या दगडाच्या लाल पठारावर, मांजरेच्या खोऱ्यात वसलेले. सह्याद्रीची मुख्य रांग येथून साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. भारतीय ज्योतिषशास्त्राचे इतिहासकार शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी मागील शतकाच्याही आधीच्या शतकात या प्रश्नाचा ऊहापोह केला, तेव्हापासून ही अडचण अभ्यासकांसमोर आहे. फैजींच्या हातून हे का झाले असावे? आमचा तर्क असा की बीदर ही बहमनी सुलतानांची राजधानी होऊन गेली होती. महमूद गवानांचा मदरसा तेथे १४७२ पासून उभा होता. फारसी जाणणाऱ्या विद्वानांच्या जगात दख्खनमधील या शहराचे नाव सुपरिचित होते. विज्जडविड हे अनोळखी नाव कानी पडल्यावर शोध घेणाऱ्यास वाटेत आधी बीदर भेटले, आणि शोध तेथेच थांबला. हा तर्कच आहे, पण आमच्या नववीच्या मुलांना तो पटकन पटला.

नामसाम्याने भास्कराचार्यांच्या बाबतीत आणखीही चकविले आहे. भास्कर नावाचे दुसरे गणितज्ञ सातव्या शतकात होऊन गेले. आर्यभटांच्या ग्रंथावर त्यांनी ६२९ मध्ये भाष्य लिहिले, आणि कुट्टकाविषयी तेही विस्ताराने लिहितात. घाईने वाचणारा एकाचे श्रेय दुसऱ्याच्या पदरात टाकतो. म्हणून ग्रंथांतून पहिले भास्कर व दुसरे भास्कर असे म्हणण्याची चाल पडली आहे. भारताने १९७९ व १९८१ मध्ये भास्कर नावाचे दोन उपग्रह सोडले, त्यांच्या नावांपुढेही १ व २ हे अंक आहेत. त्यावरून एक उपग्रह एका भास्कराचा व दुसरा दुसऱ्याचा अशी समजूत आमच्या एका मुलाने करून घेतली होती. ते अंक उपग्रहांचे, माणसांचे नव्हेत.

मग खरा पत्ता कोणता? त्याचा धागा डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हाती दिला. मुंबईतील या विख्यात वैद्यांस प्राचीन लेखांचा मोठा नाद होता. खानदेशात चाळीसगावच्या दक्षिणेस, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी पाटण हे गाव आहे. तेथील जुन्या देवळातील शिलालेखाची माहिती त्यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केली. लेख इ. स. १२०७च्या सुमाराचा आहे, आणि तो साक्षात भास्कराचार्यांच्या घराण्याचा आहे. त्रिविक्रम, त्यांचे पुत्र भास्करभट्ट, त्यांचे गोविंद, त्यांचे प्रभाकर, त्यांचे मनोरथ, त्यांचे महेश्वर, आणि महेश्वरांचे पुत्र आपले भास्कराचार्य. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर, आणि नातू चांगदेव. नऊ पिढ्या एका दगडावर. येथेही भास्कर दोन आहेत! भोजराजाकडून विद्यापती ही पदवी मिळालेले भास्करभट्ट हे आचार्यांच्या वर पाच पिढ्या. नुसते नाव पाहून थांबणाऱ्याने त्यांनाच लीलावतीकार मानले असते. पिता महेश्वर, ही खूण आचार्यांच्या ग्रंथाशी जुळविली म्हणजे चकवा मिटतो.

शिलालेखात आणखी सांगितले आहे की लक्ष्मीधरांची विद्वत्ता पाहून यादव राजा जैत्रपाल याने त्यांना या गावाहून नेऊन आपल्या दरबारी पंडितांचे प्रमुखपद दिले. चांगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी झाले. आजोबांनी व घराण्यातील इतर विद्वानांनी रचलेल्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून चांगदेवांनी पाटण येथे मठ स्थापिला. घराणे तेथले, मठ तेथला, आणि तो डोंगर सह्याद्रीचीच पूर्वेकडे फुटलेली शाखा. विज्जडविड याच परिसरात असावे, हे मत आम्हांस सर्वांत सबळ वाटते. आचार्य याच गावी जन्मले असे मात्र शिलालेखात कोठेही कोरलेले नाही. म्हणून पाटणकरांनीही ते वाक्य जपूनच उच्चारावे, अशी आमची त्यांना सीमेपलीकडून विनंती आहे. उज्जयिनीच्या वेधशाळेचे ते प्रमुख होते, हे विधान कित्येक पुस्तकांतून छापलेले आढळते. त्याच्याही पाठीशी असा दगडी पुरावा नाही.

आमच्या सीमाभागातील वाचकांस या शिलालेखाची एक गोष्ट विशेष जवळची वाटेल. त्याचा बहुतेक भाग संस्कृतात आहे, पण मठाच्या उत्पन्नाची व्यवस्था सांगण्याची वेळ आली तेव्हा लेखकाने संस्कृत सोडले आणि त्या काळची मराठी धरली. स्थानिक निकुंभ राजांनी जमिनीचे दान दिले होते. त्याशिवाय पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर काही भाग मठास द्यावा, आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील तितक्या प्रत्येकामागे एक पळी तेल द्यावे, असे ठरले. ज्यांनी तेल घालावयाचे त्यांना समजले पाहिजे, म्हणून ते त्यांच्या भाषेत कोरले. सिद्धान्तशिरोमणी संस्कृतात, आणि त्याच्या अभ्यासाची तरतूद मराठीत, असा हा आठशे वर्षांपूर्वीचा दगड आहे.

आमच्याकडे आलेल्या लेखातील ते वाक्य त्या विद्यार्थिनीने स्वतःच दुरुस्त करून आणले. थोडी हिरमुसली होती खरी. प्रदर्शनातील फलकावर आता असे लिहिले आहे : जन्म शके १०३६, गाव विज्जडविड, सह्याद्रीजवळ, त्या वेळी दख्खनचे राज्य कल्याणीहून चाले. फलकाशेजारी संगणक ठेवला होता, आणि पाहुण्यांनी २२१, ६५ व १९५ हे अंक घातले की पडद्यावर ५ व ६ उमटत होते.